धान्य बँक चालवताना या चुका टाळा

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या धान्य बँकेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. सोसायट्यांमधून पोती येतात, ऑफिसांतून मिठाईचे डबे येतात, कुणी वाढदिवसाचं निमित्त करून तांदळाचे कट्टे आणून देतं. आषाढात त्याच खोलीत अर्धं पोतं तांदूळ आणि मिठाच्या पुड्या उरतात. आणि गरज नेमकी आषाढातच असते. पाऊस लागला की बांधकामं थांबतात, मजूर अड्ड्यावरची माणसं दुपारी रिकाम्या हाताने घरी परततात, त्यात पोरांच्या वह्या-दप्तरांचा खर्च नुकताच झालेला असतो.

म्हणून सर्वांत मोठी चूक आधी सांगते: आलेलं सगळं आल्या आल्या वाटून टाकणं. फराळ, मिठाई, बिस्किटं लगेच द्या, ती थांबत नाहीत. गहू, तांदूळ मात्र पावसाळ्यासाठी बाजूला काढा. आणि मागायचं तर देणाऱ्याच्या सवडीने मागा. एप्रिल-मे महिन्यात अजूनही कितीतरी घरांत वर्षाचा गहू भरतात. तेव्हा दारात जाऊन म्हणायचं, 'भरताय तर एक पायली जास्तीची घ्या, आमच्यासाठी.' दिवाळीत सगळेच मागतात. उन्हाळ्यात मागणारं कुणी नसतं, त्यामुळे नाही म्हणणारंही फारसं कुणी भेटत नाही.

न विचारता पिशव्या भरणं

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांना एकसारखी पिशवी द्यायचो: पाच किलो गहू, दोन किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ. एका मावशींनी गव्हाची पिशवी उचलली, दोन पावलं गेल्या, परत आल्या आणि ती टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ताई, हे दळायला पैसे लागतात. तांदूळच द्या थोडा जास्त." आम्ही सात-आठ जणी तिथे उभ्या होतो. दळणाचा विचार एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

त्याच आठवड्यात गिरणीवाल्या दादांशी बोललो. आता गव्हाबरोबर आमची शिक्का मारलेली चिठ्ठी जाते, ते दळून देतात आणि हिशोब महिन्याअखेर आमच्याशी करतात. तयार पीठ द्यावं तर ते पावसाळ्यात फार दिवस टिकत नाही, म्हणून चिठ्ठीच बरी.

तुरीचंही तसंच. ज्या घरात सिलिंडर संपलाय तिथे तूर शिजवायची कशावर? तिथे मूग किंवा मसूर द्या, लवकर शिजतात. पोहे द्या, शेंगदाणे द्या. रस्त्यालगत राहणाऱ्यांना कोरडं धान्य देऊन उपयोग नाही, त्यांना शिजलेलं लागतं. आणि तेल! दान म्हणून तेल क्वचितच येतं. तिखट, चहापावडर, अंगाचा साबण, सॅनिटरी पॅड हेही येत नाही. नोंद करताना प्रत्येक घराला एवढंच विचारा: चूल कशाची आहे, माणसं किती, घरात आत्ता काय शिल्लक आहे.

नवं पोतं पुढे, जुनं मागे

एका श्रावणात मागच्या रांगेतल्या गव्हाच्या पोत्यात हात घातला तर आतलं धान्य कोमट लागलं. ओंजळ बाहेर काढली तर तळव्यावर सोंडे चालत होते आणि निम्मे दाणे पोखरून पोकळ झालेले. कीड वाढली की धान्य आतून तापतं, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही नवी पोती पुढे लावत गेलो होतो आणि पुढचीच वाटत गेलो होतो. दोन पोती फेकावी लागली. ज्यांनी ती दिली होती त्यांची तोंडं डोळ्यांसमोर येत होती.

आधी आलेलं आधी बाहेर, हा नियम भिंतीवर लिहा. प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख खडूने टाका. पोती जमिनीवर नकोत, लाकडी फळ्यांवर ठेवा, आणि भिंतीपासून वीतभर लांब. भरण्याआधी धान्याला कडक ऊन द्या. गव्हात वाळलेला कडुलिंबाचा पाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात, हे घरचे उपाय पुरतात. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र चुकूनही ठेवू नका. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत जीव घेतो, आणि घरात अशा गोळ्या ठेवल्याने माणसं दगावली आहेत.

पाकिटांवरच्या तारखांचाही गोंधळ होतो. 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि ताजेपणाची मुदत. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' उलटली असेल तर पाकीट कितीही चांगलं दिसो, वाटायचं नाही.

'वास येत नाही, म्हणजे चांगलं आहे'

लग्नसराईत दुपारी साडेतीनला फोन येतो: 'मंगल कार्यालयात शंभर माणसांचं जेवण उरलंय, घेऊन जा.' तो भात बारापासून झाकलेल्या पातेल्यात निवत पडलेला असतो. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. भातातले काही जंतू असं विष तयार करतात की पुन्हा गरम करूनही ते जात नाही, आणि त्याला वास येतोच असं नाही. म्हणून उरल्यावर आलेल्या फोनपेक्षा आधी केलेला फोन मोलाचा. कार्याच्या आदल्या दिवशी आचाऱ्यांशी बोलून ठेवा: पंगतीत न गेलेलं, पातेल्यातलंच अन्न वेगळं काढा, वाफा निघत असतानाच कळवा. ताटातलं, बुफेत मांडलेलं घेऊ नका. दही, खोबऱ्याची चटणी, पनीर यांना उन्हाळ्यात सरळ नाही म्हणा. नाही म्हणणं जड जातं, पण ज्याच्याकडे औषधाला पैसे नाहीत त्याचं पोट बिघडणं त्याहून जड. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत, ते एकदा वाचून घ्या.

औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली तेव्हा सभासदांकडून घरच्या ताज्या पोळ्या आणि भाजी मागितली, उरलंसुरलं नाही. मला ती पद्धत फार पटते.

पैसे मागायला लाजणं

खोलीचं भाडं, टेम्पो, तेलाचे डबे, गिरणीचा हिशोब हे धान्याने भागत नाही. महिन्याला २०० रुपये देणारी पन्नास घरं जोडा, दर महिन्याचे १०,००० ठरलेले राहतात. देणगीदाराला करसवलतीबद्दल खरं तेच सांगा: संस्थेची नोंदणी असली तरी देणगीवरची आयकरातली वजावट ('८० जी' म्हणून ओळखली जाणारी) वस्तूंच्या दानावर मिळत नाही, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर नाही, आणि नव्या करप्रणालीतही नाही.

पिशवी हातात देताना फोटो काढू नका. देणगीदाराला पोत्यांचा फोटो आणि हिशोबाची वही दाखवा.

रेशनचं न विचारणं

ही चूक आम्हाला सर्वांत उशिरा कळली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. गावाकडचं कार्ड शहरातल्या दुकानातही चालतं. तरी आमच्या रांगेत अशी कितीतरी घरं होती, ज्यांच्या कार्डावर सुनेचं नाव चढलेलं नव्हतं, म्हाताऱ्या माणसाच्या बोटाचा ठसा मशीन घेत नव्हतं किंवा आधार जोडलेलं नव्हतं. आता आमच्यातल्या दोघी आठवड्यातला एक दिवस फक्त कागदपत्रांसाठी देतात, लोकांबरोबर पुरवठा कार्यालयात जातात.

गव्हाची पिशवी परत ठेवणाऱ्या त्या मावशींच्या घरातली तिन्ही नावं कार्डावर चढायला चार महिने लागले. आता त्या महिन्यातून एकदाच येतात, तेल आणि मसूर घ्यायला. गहू रेशनचा असतो. दळणाची चिठ्ठी तेवढी आमच्याकडून नेतात.