लाटेखाली दम टिकवायचाय? मग सरावातल्या या चुका टाळा

घरी पलंगावर पडून अडीच मिनिटं श्वास रोखणारा सर्फर कर्नाटकातल्या मुळकीच्या किंवा गोकर्णच्या लाटेखाली बाराव्या सेकंदालाच कासावीस होतो. पलंगावर हृदयाचे ठोके मिनिटाला साठ-सत्तर असतात, तर लाटेखाली जाताना दीडशेच्या आसपास. हात पॅडल मारून भरून आलेले असतात, पडताना निम्मी हवा तोंडातून निघून गेलेली असते आणि अंग कपडे धुण्याच्या मशीनमध्ये टाकल्यासारखं घुसळत असतं. तो अडीच मिनिटांचा आकडा या अवस्थेत फारसा कामाला येत नाही.

मुळात आकडा किती लागतो तेही बघा. एक लाट बहुतेक वेळा ५ ते १५ सेकंद दाबून ठेवते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दोन लाटांमधलं अंतर साधारण ८ ते १४ सेकंदांचं असतं. त्यामुळे वर येण्याआधीच दुसरी लाट डोक्यावर फुटली, तरी हिशेब २० ते ३० सेकंदांचा होतो. म्हणजे धाप लागलेली असताना, अर्ध्या श्वासावर, न घाबरता अर्धा मिनिट काढता आला पाहिजे. याची तुलना कुंभकापेक्षा कबड्डीच्या दमाशी जास्त जुळते. चढाईही ३० सेकंदांचीच असते, आणि तीही अंग पूर्ण झोकून. फरक एवढाच की कबड्डीत दम बोलता बोलता बाहेर सोडला जातो, इथे तो आत धरायचा असतो.

पाण्यात शिरण्याआधी कपालभाती

ही चूक आपल्याकडे विशेष दिसते, कारण प्राणायाम घरोघरी आहे. ‘आधी दहा मिनिटं कपालभाती किंवा भस्त्रिका केली की दम वाढतो’ असं सांगणारे भेटतात, आणि करून पाहिलं तर खरंच वाढल्यासारखा वाटतो. धोका नेमका तिथेच आहे. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर बोटाला लावून बघा. शांत बसल्यावर तो ९७-९८ दाखवतो. जोरजोरात श्वास घेऊन तो फार तर ९९ होईल. रक्तात जास्तीचा ऑक्सिजन मावायला जागाच नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि ‘आता श्वास घे’ ही हाक शरीर त्याच्यावरूनच देतं. हाक उशिरा येते, पण ऑक्सिजन मात्र नेहमीच्याच वेगाने संपत असतो. हाक येण्याआधीच शुद्ध जाते. त्याआधी त्रास होत नाही, उलट छान वाटत असतं. म्हणून उत्तम पोहणारेही चार फूट पाण्यात बुडतात.

पाण्यात उतरण्यापूर्वी दोन मिनिटं नेहमीसारखा, पोटातून, संथ श्वास घ्या. सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब ठेवा, मग एक भरपूर श्वास घेऊन सुरुवात करा. ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, तर श्वास जास्त झालेत असं समजा. त्या फेरीत श्वास रोखू नका. दोन-तीन मिनिटं थांबा. ऑक्सिमीटरच्या भरवशावरही राहू नका. बोटावरचा आकडा प्रत्यक्ष स्थितीच्या बऱ्याच सेकंदांनी मागे असतो.

‘लाइफगार्ड आहे ना!’

महापालिकेच्या तलावावर संध्याकाळच्या बॅचला काय चित्र असतं? एका लेनमध्ये सात-आठ जण, कडेला पाय सोडून बसलेली मुलं, शिट्टीचे आवाज, पाण्यावर दिव्यांची चकाकी. त्या गर्दीत कोणी तळाशी शांत पडलेलं दिसलं, तर लाइफगार्डला तो सराव वाटतो. शुद्ध हरपलेला माणूस हातपाय मारत नाही, ओरडतही नाही. सराव करणारा आणि बेशुद्ध झालेला, दोघे वरून अगदी सारखे दिसतात. बऱ्याच तलावांवर पाण्याखाली श्वास रोखायला मनाई असते, ती याच कारणाने. परवानगी न काढता, कोपरा गाठून, एकट्याने हा सराव कधीही करू नका. छातीएवढ्या पाण्यातही नको.

पाण्यातल्या सरावाला जोडीदार लागतोच, आणि तो तुमच्याच वेळी दम धरणारा नसावा. एक खाली तर एक वर. वरच्याने हाताच्या अंतरावर राहून दर १० सेकंदांनी खांद्यावर टिचकी मारायची, खालच्याने एक बोट उचलून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर लगेच दुसरी टिचकी. तिलाही उत्तर नाही, तर वाट न बघता चेहरा पाण्याबाहेर काढायचा. वर आल्यावरही पुढची ३० सेकंदं नजर हलवायची नाही. बरेच जण वर येऊन, एखादा श्वास घेऊन मग कोसळतात, कारण त्या श्वासातला ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात.

शुद्ध गेलीच, तर हनुवटी वर धरून तोंड-नाक पाण्याबाहेर ठेवा, गॉगल काढा, गालावर थापट्या मारा, डोळ्यांखाली फुंकर घाला आणि नावाने हाक मारून ‘श्वास घे’ म्हणा. दहा सेकंदांत श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास द्या आणि बाहेर काढा. बाहेर काढूनही श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, ३० दाब आणि २ श्वास या क्रमाने. दुसऱ्या कुणीतरी तेव्हाच १०८ किंवा ११२ ला फोन लावावा. शुद्ध आली तरी त्या दिवशी सराव बंद. छातीत पाणी गेल्याची शंका असेल तर माणूस ‘ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्या. हे सगळं आधी कोरड्यात दोन-तीनदा करून बघितलेलं असावं, आणि छाती दाबायचं रीतसर प्रशिक्षण दोघांनीही घेतलेलं असावं.

तक्ता चुकीचा मांडणं

सर्वांत जास्त फायदा जमिनीवरच्या सरावाने होतो, आणि त्याला तलावाचा पासही लागत नाही. पण लोक रोज ‘आज किती जमतं’ एवढंच बघतात. रोज कमाल आकडा मोजणं म्हणजे सराव नव्हे, ती नुसती परीक्षा. आकडा महिन्यातून एकदा मोजा, बसून किंवा आडवं पडून. समजा तो दीड मिनिट आला, तर त्याच्या निम्मा, म्हणजे ४५ सेकंद, धरून आठ फेऱ्या करा. फेऱ्यांमधली विश्रांती कमी करत न्यायचा तक्ता असा: १ मिनिट ४५ सेकंद, दीड मिनिट, सव्वा मिनिट, १ मिनिट, ४५, ३० आणि शेवटी १५ सेकंद. एकूण १३ मिनिटं लागतात. आठवड्यातून तीनदा पुरे. सहाव्या-सातव्या फेरीला पोटाचे स्नायू आपोआप उचकी लागल्यासारखे आकसतात. तो कार्बन डायऑक्साइडचा परिणाम. त्याला घाबरून लगेच सोडू नका, पण दात-ओठ खाऊन ओढूही नका. खांदे सैल सोडा, जीभ सैल ठेवा. शेवटच्या दोन फेऱ्या निघतच नसतील तर ४५ ऐवजी ४० सेकंद धरा, विश्रांती तीच ठेवा.

हे जमलं की लाटेसारखा सराव सुरू करा, सतरंजी किंवा मॅटवर. २० बैठका जलद मारा, लगेच गुडघ्यांवर बसा, एकच श्वास घ्या आणि १५ सेकंद धरा. मग तीन श्वास आणि पुन्हा बैठका. अशा पाच फेऱ्या. पुढच्या आठवड्यात २० सेकंद, त्यानंतर २५. मग दोन लाटांची तालीम: १५ सेकंद धरा, फक्त एक श्वास घ्या, पुन्हा १५. पडताना हवा निसटते तिची सवय व्हावी म्हणून काही फेऱ्या अर्ध्या श्वासावर करा. पण अर्ध्या किंवा रिकाम्या छातीचा प्रकार फक्त जमिनीवर. पाण्यात नाही.

जिन्यावर किंवा गच्चीच्या कठड्याजवळ हे करू नका. चक्कर आली तर पडण्याची उंचीच जिवावर बेतते. लोकलमध्ये खिडकीशी बसून एखादं स्टेशन दम धरायला हरकत नाही, दारात उभं राहून मुळीच नाही. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. सर्दी, ताप असेल तेव्हा थांबा. फिट येण्याचा इतिहास, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

हवाईत दगड उचलून समुद्रतळावरून पळण्याचा सराव करतात, तो बघून डंबेल घेऊन तलावात उतरणारेही आहेत. तिथे अनेक जण पाण्यात पहाऱ्याला असतात आणि दगड हातातून सुटतो. कमरेला शिशाचा पट्टा बांधलेला माणूस शुद्ध गेल्यावर तळाशीच राहतो. वजन नको.

आणि पावसाळ्यात जुहू, वर्सोवा किंवा अक्साला ‘खऱ्या लाटांत’ ही तालीम करायला जाऊ नका. साडेचार मीटरच्या वर भरती कोणत्या दिवशी आहे याची यादी महापालिका दरवर्षी काढते. पण भरती त्याहून कमी असली तरी त्या गढूळ पाण्यात हात लांब केला की तो दिसत नाही. जोडीदार तुम्हाला शोधणार कसा?

लाटेखाली आणि वर येताना

पडताना लाट अंगावर आली की मिळेल तेवढा श्वास घ्या, गच्च भरायच्या नादात तोंड उघडं राहायला नको. दोन्ही हातांनी डोकं झाका, अंग आखडतं घ्या आणि पहिले पाच-सात सेकंद काहीही करू नका. लाट घुसळत असते तेव्हा मारलेला प्रत्येक हात ऑक्सिजन जाळतो आणि अंतर कापत नाही. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मनात मोजा. घाबरलेल्याला चार सेकंद पंधरा वाटतात, मोजल्याने खरा आकडा कळतो. पकड सैल झाली की डोळे उघडून उजेड कुठे आहे ते बघा. कळेना, तर घोट्याची लीश, म्हणजे बोर्डाला बांधलेली दोरी, हाताने चाचपा. बोर्ड वर तरंगत असतो, लीश त्याच दिशेला जाते. कानात दुखलं तर नाक दाबून हलकेच फुंका, जोर लावू नका.

वर येताना एक हात डोक्यावर ठेवा, नाहीतर स्वतःचाच बोर्ड लागायचा. पांढऱ्या फेसात हवा जास्त असते, त्यामुळे त्यात अंग नीट तरंगत नाही आणि तोंड पाण्याबाहेर आलंय असं वाटून श्वास ओढला की फेस आत जातो. आधी डोकं पूर्ण बाहेर काढा, मग श्वास. तोही फुंकर मारून छाती रिकामी करून नव्हे. थोडीच हवा सोडा, चटकन भरपूर श्वास आत घ्या, दोन सेकंद धरा, सैल सोडा. असं पाच-सहा वेळा, आणि पहिल्या श्वासाबरोबरच मान समुद्राकडे वळवून पुढची लाट किती लांब आहे ते बघा. सरावातही, मॅटवरच्या प्रत्येक फेरीनंतर, श्वास असाच घ्या.