टॅबमध्ये ॲप घालण्याआधी चार कागद काढून ठेवा

तात्यांनी दसऱ्याला टॅब घेतला. दुकानदाराने "सगळी ॲप घालून दिलीत काका" म्हणत कौतुकाने हातात ठेवला. घरी येऊन बघते तर कागद वाचायचीच सहा ॲप, आणि कुठल्याही फाईलला बोट लावलं की सहाही रांगेत उभी. तात्या वैतागले. "अगं, मला शेताचा उतारा तेवढा दिसला की बास. ह्यातलं चांगलं कुठलं, तेवढं सांग की."

मी बेळगावात डीटीपी करते, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून पानं छपाईला तयार करते. सकाळी मराठी लग्नपत्रिका, दुपारी कन्नड अर्ज, संध्याकाळी कुणाचा तरी इंग्रजी बायोडाटा. "चांगलं ॲप कुठलं" याला माझ्याकडे उत्तर नसतं. तुमचे कागद कसले आहेत हे कळलं, की मात्र दहा मिनिटांत सांगता येतं. म्हणून तयारी प्ले स्टोअरपासून करू नका, कपाटापासून करा.

आपल्या भागातल्या बहुतेक घरांत कागदांचे थर असतात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीचं खरेदीपत्र मराठीत, त्याहून जुनं असलं तर मोडीत, आणि नंतरचा उतारा कन्नडात. शेत एकच, लिप्या तीन, वर बँकेची कागदं इंग्रजीत. असे चार नमुने बाजूला काढा. एक आरटीसीचा उतारा (कर्नाटकातला सातबाराच म्हणा), एक जुना पिवळा पडलेला कागद, एक डीटीपीवाल्याने करून दिलेली मराठी फाईल (संस्थेचा अहवाल, पत्रिका, काहीही), आणि एक भरून सही करायचा अर्ज. पहिला, तिसरा आणि चौथा टॅबवर एका फोल्डरमध्ये टाका, फोल्डरला नाव द्या 'परीक्षा'. दुसऱ्याचा फोटो काढायचा आहे, तो तसाच राहू दे. पुढे जे ॲप येईल त्याने हे चार कागद पास करून दाखवायचे.

उताऱ्यापासून सुरू करा. नऊ नंबरच्या कॉलमातली मालकांची नावं आणि अकरा नंबरातला सोसायटीच्या कर्जाचा बोजा, हे दोन्ही नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात का ते बघा. इथे ॲपआधी पडद्याचा प्रश्न येतो. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. १०.१ इंची टॅब उभा धरला तर पडद्याची रुंदी भरते साधारण १३६ मिलिमीटर, म्हणजे कागद पासष्ट टक्क्यांवर येतो. ८.७ इंचीवर तो निम्म्याच्या थोडाच वर राहतो. उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे असं मांडलेलं असतं, ४० गुंठ्यांचा एकर आणि १६ आण्यांचा गुंठा. निम्म्या आकारात ३ चा ८ दिसला तर भाऊबंदकीला तेवढं पुरतं. त्यामुळे टॅब अजून घ्यायचा असेल तर कागदवाल्याने दहा इंचांच्या खाली जाऊ नये असं माझं मत. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टचं वर्ड १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर फुकटात फाईल दुरुस्त करू देतं, त्याहून मोठ्या पडद्यावर वर्गणी मागतं. अकरा इंची घेऊन वर्ड 'नुसतं वाचायला' मिळालं म्हणून हळहळणारे माझ्याकडे आलेत.

वाचायला काय घ्यावं? ॲडोबीचं ॲक्रोबॅट रीडर भरवशाचं आहे, पण जड, आणि फुकटात वाचणं, खुणा करणं, सही टाकणं एवढंच. मजकूर बदलायला पैसे. अँड्रॉइडवर रीडएरा मला आवडतं, कारण ते जाहिरात दाखवत नाही, खातं उघडा म्हणत नाही, आणि पीडीएफ, ईपब, वर्ड, शिवाय जुन्या स्कॅन पुस्तकांची डीजेव्ह्यू फाईलही उघडतं. मुलांची मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्येच मिळतात, त्यांनाही ते चालतं. पुस्तक वाचायचंच असेल आणि ईपब मिळत असेल तर तेच घ्या. त्यात अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात, पीडीएफमध्ये मात्र पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं.

आता टॅब विमान मोडवर टाका आणि परीक्षेचं फोल्डर पुन्हा उघडा. हे अवांतर वाटेल, पण तात्यांचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे आहे. कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात लाईट गेली की टॉवरही जातो, आणि 'क्लाउड' म्हणायला वर आभाळच तेवढं उरतं. गुगल डॉक्समध्ये प्रत्येक फाईलला 'ऑफलाइन ठेवा' अशी खूण करावी लागते, ती आधीच करून घ्या. विमान मोडवर जे ॲप नुसतं गोल गोल फिरत बसलं, ते आजच काढून टाका.

तिसरा कागद म्हणजे माझ्या धंद्यातलं दुखणं, म्हणून जरा थांबते. डीटीपीवाले वर्षानुवर्षं मराठीला श्रीलिपी आणि कन्नडला नुडी ही टायपिंगची सॉफ्टवेअर वापरत आले. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाईलच्या पोटात त्या जागी भलतीच इंग्रजी खूण असते. फॉन्टने तिला वरून 'क'चा अंगरखा घातलेला. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवलेला असला तर पान झकास दिसतं. पण त्यात 'खानापूर' शोधा, सापडणार नाही. मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवा, कचरा येईल. आणि तीच वर्डची फाईल टॅबवर उघडली तर फॉन्ट नसल्याने पानभर इंग्रजी अक्षरांची भेळ. लोक म्हणतात ॲप खराब. ॲप काय करणार, पोटातच मराठी नाही.

म्हणून डीटीपीवाल्याकडून फाईल घेताना दोन मागा: एक पीडीएफ, आणि दुसरी युनिकोडमध्ये (म्हणजे पोटातही खरी मराठी अक्षरं असलेली) बदललेली वर्डची. बदललेली फाईल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. हे बदल करणारे कन्व्हर्टर रफार चुकवतात, 'ऱ्या'चा 'र्या' करतात. ॲप तपासायला मी एक वाक्यच ठरवून ठेवलंय: 'तिसऱ्या वर्षी सर्व्हे झाला, ॲडव्हान्स दिला, वाङ्निश्चय ठरला.' नव्या ॲपमध्ये हे लिहून बघा. बरीच पीडीएफ दुरुस्तीची ॲप जोडाक्षरं सुटी करून टाकतात, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, ॲ च्या जागी चौकोन येतो. तिथे मराठीला जागा नाही, पुढचं बघायची गरज नाही. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसले तर मात्र ॲप नापास करू नका, तो फॉन्टचा दोष. डोळ्यांना खुपतं हे खरं. टायपायला गुगलचा जीबोर्ड पुरतो, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड एकदमच घालून ठेवा.

कन्नड न येणाऱ्यांसाठी गुगल लेन्स उपयोगी आहे. उताऱ्यावर धरलं की मराठी दिसतं. मात्र ते अंदाजापुरतं, कारण माणसांच्या नावांचंही ते भाषांतर करायला जातं. सही करण्याआधी कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचूनच घ्या.

अर्जाचं बघू. भरायच्या चौकटी पीडीएफमध्ये आधीच केलेल्या असतील तर ॲक्रोबॅटमध्ये भरा. नसतील आणि मराठी मजकूर तुटत असेल तर छापून पेनाने भरा, यात कमीपणा काही नाही. बोटाने काढलेली सही म्हणजे नुसतं चित्र. ई-आधारसारख्या कागदावर असते ती डिजिटल स्वाक्षरी वेगळी, ती फाईलच्या आत असते. अशी फाईल 'प्रिंट टू पीडीएफ' करून पुन्हा साठवली की स्वाक्षरी गेली. म्हणून मूळ फाईलला हात लावायचा नाही, खुणा करायच्या त्या कॉपीवर. आणि आधारचा नंबर झाकायला वरून काळी पट्टी ओढत असाल तर थांबा. अनेक ॲपमध्ये ती पट्टी खाली नंबर तसाच ठेवते, कुणीही उचलून बघू शकतो. शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार सरळ उतरवून घ्यावं.

जुन्या कागदासाठी वेगळं स्कॅनर ॲप लागतंच असं नाही. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्येच स्कॅन आहे, आयपॅडवर नोट्समध्ये. कॅमस्कॅनर २९ जून २०२० ला बंदी आलेल्या ५९ ॲपच्या यादीत होतं. अजूनही कुणाच्या जुन्या फोनवर त्यात कागद असतील तर आधी ते बाहेर काढा. स्कॅन करताना कागद ओट्यावर सपाट पसरा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ दे, वरचा बल्ब बंद. ए-फोर पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण ८७ लाख ठिपक्यांचं होतं, म्हणजे टॅबचा ८ मेगापिक्सेलचा, ८० लाख ठिपक्यांचा कॅमेरा पान काठोकाठ भरलं तरी थोडा कमीच पडतो. कडेने ओटा दिसत असला तर आणखीच कमी. त्यापेक्षा फोनचा कॅमेरा बरा. ॲपचं 'काळं-पांढरं' फिल्टर जुन्या कागदाला लावू नका. फिकट शाई आणि स्टॅम्पचा शिक्का त्यात पुसून निघतो. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, पण टॅबवरची नेहमीची ॲप मोडी हस्ताक्षर वाचून देत नाहीत. तेव्हा स्कॅन रंगीत करा, दोन्ही बाजूंचं, पाठ कोरी वाटली तरी. मोडी जाणणाऱ्याला पाठीमागची एक ओळही कामाची असते.

ठेवायचं कुठे, यात मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. काही वर्षांपूर्वी आईच्या माहेरचे वाटणीचे कागद, सव्वाशे पानं, मी एका स्कॅनर ॲपमध्ये नीट लावून ठेवली. पुढे ते ॲप सारखं अडकायला लागलं म्हणून काढलं आणि पुन्हा घातलं. उघडलं तर कोरं. अँड्रॉइडवर ॲप स्वतःच्या खोलीत जे ठेवतं ते ॲपबरोबरच जातं, हे तेव्हा कळलं. मामाच्या ट्रंकेतली ती पानं पुन्हा काढताना दोन पानांचे कोपरे मोडले. तेव्हापासून कुठलंही ॲप घातलं की पहिलं काम हे: एक पान स्कॅन करायचं, ते साधी पीडीएफ म्हणून 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये बाहेर काढायचं, मग ॲप काढून टाकायचं आणि फाईल जागेवर आहे का बघायचं. बाहेर काढताना पैसे मागणारं किंवा पानावर स्वतःचं नाव छापणारं ॲप याच पायरीवर गळतं.

फाईलचं नाव ठरवूनच ठेवा. आपल्या गावाचीच चार रूपं आहेत: बेळगाव, बेळगावी, आणि इंग्रजीत जुनं बेलगाम, नवं बेलगावी. चार ठिकाणी चार नावं पडली की शोध लागत नाही. मी आधी वर्ष, मग गाव, मग सर्व्हे नंबर, मग कागदाचा प्रकार असं लिहिते, आणि गावाचं एकच रूप. व्हॉट्सॲपवर आलेला कागद साठवलेला धरू नका, त्याच दिवशी फोल्डरमध्ये हलवा. पाठवतानाही फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकडे फुटतात.

प्रती तीन: टॅबवर, ओटीजी पेनड्राइव्हवर (थेट टॅबला लागतो तो), आणि गुगल ड्राइव्हवर. गुगलची १५ जीबी फुकट जागा मेल आणि फोटोंबरोबर वाटली जाते, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ तिथे कोंबले की उताऱ्याला जागा उरत नाही. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं, म्हणून नातवाने नवीन उघडून दिलेल्या खात्यात अधूनमधून डोकवा. वनड्राइव्हवर ५ जीबी मिळतात. डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेले कागद मूळ प्रतीच्या बरोबरीचे धरतात. आपण स्वतः चढवलेल्या स्कॅनला ते लागू नाही, त्याला जागा १ जीबी. दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात म्हणून लोक गोंधळतात.

परवानग्यांचं थोडक्यात: कागद वाचणाऱ्या ॲपला तुमचे फोन नंबर आणि लोकेशन कशाला हवं? नाही म्हणा. नाही म्हटल्यावर चालत नसेल तर जाऊ दे.

तात्यांच्या टॅबवर शेवटी रीडएरा, ॲक्रोबॅट, ड्राइव्ह आणि डॉक्स एवढीच राहिली. दुकानदाराची सहाही गेली. परवा ते वारसा लावायला खानापूरला निघाले, तर मी आदल्या रात्री टॅब चार्जिंगला लावला, पेनड्राइव्ह सुतळीने कव्हरला बांधला, आणि पिशवीत उताऱ्याच्या दोन झेरॉक्स टाकल्या. खिडकीपलीकडचे साहेब टॅब हातात घेत नाहीत.