परराज्यातून दत्तक बाळ घरी आणलंय? पहिल्या काही महिन्यांत या चुका टाळा

आमची लेक ओडिशातून भुसावळला आली तेव्हा नऊ महिन्यांची होती. पुरी-अहमदाबाद गाडीने आलो, एक रात्र अन् वर जवळजवळ अख्खा दिवस, आणि एवढ्या प्रवासात पोर एकदाही रडली नाही. डब्यातल्या बायका म्हणायच्या काय शांत लेकरू आहे, मलाही तसंच वाटलं, मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. तिसऱ्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "भूक लागली की रडते का? झोपेतून उठली की हाक मारल्यासारखं काही करते का?" तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं, कारण ती सकाळी उठून पाळण्यात डोळे उघडे ठेवून नुसती पडून असायची आणि मी आपली कौतुक करायची.

दत्तक देणाऱ्या संस्थेत बाळं सांभाळणाऱ्या एकेका मावशीकडे बरीच बाळं असतात. त्यांनी कितीही जीव लावला तरी प्रत्येक रडण्याला धावणं त्यांना शक्य नसतं, मग बाळ हळूहळू रडायचंच सोडून देतं. म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की शांत बाळ म्हणजे रुळलेलं बाळ समजायचं. आम्ही मग असं केलं की ती रडायची वाटच बघायची नाही, नुसती हालचाल झाली, ओठ हलले, तरी लगेच जाऊन उचलायचं, बोलायचं. दीड महिन्याने एका रात्री ती पहिल्यांदा मोठ्याने भोकाड पसरून रडली आणि आम्ही दोघं नवराबायको तिला कुशीत घेऊन रडलो. त्या रडण्याचा अर्थ होता की आता बोलावलं तर कोणीतरी येतं हे तिला कळलंय.

परदेशातून मूल आणणारी कुटुंबं आपल्याकडे मोजकीच. पण कारामार्फत (केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण) नाव नोंदवलं की जळगाव-धुळ्याच्या जोडप्याला झारखंड, ओडिशा, तामिळनाडू कुठलंही बाळ मिळू शकतं, आणि त्या बाळाला आपलं घर परदेशच असतं. भाषा वेगळी, पाण्याची चव वेगळी, अंगाचे वास वेगळे, फोडणीचा वास वेगळा, आणि ज्या हातांनी रोज भरवलं ते हात एका दुपारी अचानक गायब. एवढ्याशा बाळाला काय कळतं असं म्हणू नका हो, त्याला शब्दात सांगता येत नाही एवढंच, पण त्याची माणसं हरवलेली असतात.

संस्थेतून निघताना घाई करणे

सही झाली की कधी एकदा घेऊन निघतो असं होतं. आम्ही तासाभरात निघालो आणि नंतर महिनाभर त्याची किंमत मोजली. किमान दोन-तीन दिवस तिथे थांबता आलं तर थांबा, रोज जाऊन बाळाजवळ बसा. मावशीला विचारा की दूध कुठल्या डब्यातलं, किती पाण्यात किती चमचे, बाटलीचं बूच कसं, झोपवताना पाठीवर थोपटतात की पायावर घेऊन हलवतात, दिवा चालू असतो की बंद. तिथली वापरातली एक चादर किंवा दुपटं न धुता मागून घ्या अन् घरी आल्यावर लगेच धुऊ नका, वास महत्त्वाचा आहे. मावशीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्या.

भाषेचे दहा शब्द लिहून आणा. आमच्याकडे हे फार उशिरा कळलं. ओडियात दुधाला खीर म्हणतात, आणि मी पंधरा दिवस तिला "दुदू प्यायचं?" विचारत होते, ती ढिम्म. मग मिस्टरांच्या ऑफिसातल्या एका ओडिया बाईंनी सहज येऊन "खीर?" म्हटलं आणि पोरीने गर्रकन मान वळवली. त्या दिवसापासून आम्ही आधी खीर म्हणायचो, मग लगेच दूध. "शोइ पड" म्हटलं की डोळे मिटायला लागायची. दोन महिन्यांत मराठी आपोआप आली, पण तोवर ते चार शब्द तिचा आधार होते. नावाचंही तसंच. संस्थेतलं नाव एका रात्रीत पुसू नका, नवीन नाव त्याला जोडून म्हणा, बाळ नव्या नावाला वळायला लागलं की जुनं आपोआप मागे पडतं.

घरभर माणसं गोळा करणे

आता हे लिहिताना मला माहितीय की खान्देशात हे किती अवघड आहे. बारसं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या नणंदा, गल्लीतल्या आज्या, आणि श्रावणात कानबाई देवीचा सण. आमची पोर आली अन् बाविसाव्या दिवशी कानबाईचे रोट (नैवेद्य) होते, अख्खी भाऊबंदकी एका घरात, साठेक माणसं, प्रत्येकाला पोर घ्यायची होती आणि प्रेमानेच घ्यायची होती, कोणाचं काही चुकलं नाही. ती हसत हसत या हातातून त्या हातात फिरत होती. चुलत सासूबाई म्हणाल्या, "पोर कोनाकडे बी जास, गुनी शे माय!" आणि मला अभिमान वाटला.

त्या रात्रीपासून पुढचे चार दिवस तिने नीट दूध घेतलं नाही, उशीवर डोकं आपटत राहायची.

नऊ-दहा महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बघून आईला चिकटतं, हे चांगलं लक्षण असतं. कोणाकडेही जाणारं दत्तक बाळ बऱ्याचदा गुणी म्हणून जात नसतं, तर आपलं माणूस कोणतं हे त्याचं अजून ठरलेलंच नसतं म्हणून जातं. पहिले सहा ते आठ आठवडे तरी भरवणं, आंघोळ, झोपवणं, रडल्यावर उचलणं ही चार कामं फक्त आईबापाने करायची. बारसं पुढे ढकला, बाळाला काही फरक पडत नाही. आजीआजोबांना वाईट वाटतं, तेव्हा त्यांना काम द्या: स्वयंपाक, कपडे, दारावर आलेल्यांना चहा पाजून तिथूनच वाटेला लावणं. आमच्या सासूबाई आधी रुसल्या. मग मी त्यांना जवळ बसवून म्हटलं, आई, तुमचं नवीन वासरू आणलं तर पहिले दिवस तुम्ही गोठ्यात दुसऱ्या कोणाला जाऊ देत नव्हत्या ना, तसंच समजा. त्यानंतर दारात कोणी आलं की त्याच आडव्या व्हायच्या, "आते नही, पोर जपेल शे" (आता नाही, पोर झोपलीय).

मालिशवाली बाई लावायची असेल तरी थांबा. अनोळखी हात, कढत पाणी, पालथं घालून चोळणं, ज्या बाळाला अंगाला हात लावून घ्यायची फारशी सवयच नाही त्याला ते सोसत नाही. तेल कोमट करून स्वतः लावा, आधी नुसते तळपाय, दोन-तीन दिवसांनी पाय, मग पाठ. अंग ताठ केलं तर तिथेच थांबायचं.

खाणंपिणं एकदम बदलणे

दुधाच्या पावडरीचा डबा बदलायचा असेल तर आठवडाभर जुनं-नवीन मिसळत बदला. पातळ शी लागली की लोक लगेच दूध तोडतात अन् तांदळाच्या पेजेवर ठेवतात, तसं करू नका, ओआरएस अन् झिंक डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे द्या (झिंक १४ दिवस पूर्ण द्यायचं, शी बांधली म्हणून मधेच बंद नाही) आणि दूध चालू ठेवा. एक वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून नको, मध बोटभरसुद्धा नको. झोप लागत नाही म्हणून जायफळ उगाळून देणं आमच्या गल्लीत सर्रास चालतं, ते देऊ नका, आणि काजळही नको, त्यात शिसं सापडतं. सहा महिन्यांवरच्या बाळाला मऊ खिचडी, वरणभात, आपल्या रावेर-यावलचं पिकलेलं केळं कुस्करून, हे सगळं चालतं, पण एका वेळी एकच नवीन पदार्थ आणि मधे तीन दिवस जाऊ द्या. काही बाळं घास गिळायच्या आत दुसरा मागतात, ताट उचललं की घाबरतात, त्यांना हावरट म्हणू नका, थोडं थोडं पण ठरलेल्या वेळी न चुकता देत गेलं की भीती कमी होते.

एप्रिल-मेमध्ये आणलं असेल तर उन्हाचं बघा. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि बाळ कदाचित समुद्राकडच्या दमट हवेतून आलेलं असतं. कूलरचा झोत थेट अंगावर नको, खिडकी थोडी उघडी ठेवा, बनवलेली बाटली दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उष्टं दूध तर लगेच फेका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, दूधच जास्त वेळा पाजायचं. दिवसाला पाच-सहा लंगोट ओले होत असतील तर ठीक चाललंय. सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यात पाणी नाही, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

रिपोर्ट आहे ना, मग तपासणी कशाला

संस्थेच्या वैद्यकीय अहवालावर विसंबून राहू नका. रेफरल (बाळाची माहिती) आल्यावर बाळ राखून ठेवायला ४८ तासच मिळतात, तेव्हा तो अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवलेलाच असतो, पण घरी आल्यावर आठवडाभरात पुन्हा सगळं बघून घ्या: वजन, उंची, डोक्याचा घेर, हिमोग्लोबिन, शी, कान, डोळे, आणि डॉक्टर म्हणतील त्या रक्ताच्या तपासण्या. लसीकरणाचं कार्ड नीट वाचा. गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिन्यांत असते, नेमकी बाळ घरी आणायच्या गडबडीत तीच राहते.

सतत पाठीवर पडून राहिल्याने डोकं मागून चपटं, मान सैल, बसायला उशीर, हे आमच्याकडे सगळं होतं. शेजारचं त्याच वयाचं पोर उभं राहायला लागलं की काळीज हलतं. तुलना करू नका, पण "होईल आपोआप" म्हणून सोडूनही देऊ नका. दिवसातून चार-पाच वेळा जागं असताना जमिनीवर पालथं ठेवा, तुम्ही समोर पालथं पडा. दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (वाढीत मागे पडलेल्या मुलांना बघतात तिथली) चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही केंद्रं काढली आहेत आणि तिथली सेवा मोफत असते.

कागदांचं थोडक्यात. दत्तक आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि बाळ घरी सोपवल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणीचा अहवाल जातो. पाहणीला येणाऱ्या ताईंना सगळं छान आहे असं दाखवायची धडपड करू नका, अडचण सांगितली म्हणून लगेच कोणी मूल परत नेत नाही, उलट मदत मिळते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला एक वर्षाखालचं मूल दत्तक घेतलं (हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर) १८० दिवसांची रजा आहे, वडिलांना १५ दिवस. ती पूर्ण घ्या. आणि बाळाचा फोटो, कुठून आणलं ते, स्टेटसला टाकू नका. अशा बाळाची ओळख उघड करण्याबद्दल बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आम्ही स्टेटस टाकून तासाभरात काढला, पण तोवर तो तीन ग्रुपवर फिरला होता.

लोक विचारणारच. "कथाईन आनी व माय?" (कुठून आणली गं?), "जात कोनती?", "खरी आई कुठे आहे?" मी सुरुवातीला सगळ्यांना सगळं सांगत बसायचे, आता फक्त एवढं म्हणते की आमची आहे. बाकीची गोष्ट तिची आहे, ती आधी तिलाच कळायला हवी, गल्लीला नाही. आणि तिला कळवायला ती मोठी व्हायची वाट बघू नका, आत्तापासून मांडीवर घेऊन सांगा, तू लांबून रेल्वेत बसून आलीस, आम्ही तुला आणायला आलो होतो. अर्थ कळत नसतो तेव्हाच आपल्या तोंडाला सवय होते.

एक गोष्ट बायका बोलत नाहीत म्हणून लिहिते. इतकी वर्षं वाट पाहून मूल आलं आणि मला पहिल्या महिन्यात तिच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. नुसता थकवा, अन् अपराधी वाटणं, बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. बाळंतपणानंतर जसं नैराश्य येतं तसं दत्तकानंतरही येऊ शकतं, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त असं चालू राहिलं तर बोला, नवऱ्याशी, डॉक्टरांशी. माया लागायला वेळ बाळाला लागतो तसा आपल्यालाही लागतो. मिस्टरांनी रात्रीची दोनची बाटली स्वतःकडे घेतली, मला सलग पाच तास झोप मिळाली, तिथून गाडी हळूहळू रुळावर आली.

काल रोटांच्या वेळच्याच चुलत सासूबाई आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केले तर पोरीने माझा पदर घट्ट धरला अन् तोंड फिरवलं.