कॅथलिक युनिव्हर्सिट्यांची तुलना: ॲक्सेप्टन्स रेट आणि नाव दोन्ही कसं तपासायचं

अमेरिकेतल्या कॅथलिक युनिव्हर्सिट्यांत जॉर्जटाऊन भारी की नोटर डेम, बॉस्टन कॉलेज विलानोव्हाच्या किती पुढे, फोर्डहमला ‘टॉप’ म्हणायचं का, असे प्रश्न कायम येत असतात आणि उत्तर म्हणून कोणीतरी एक टक्केवारी फेकतं, इथे १२ टक्के घेतात तिथे २५ टक्के घेतात, झालं, विषय संपला. माझं म्हणणं असं की टक्केवारीपासून सुरुवात करूच नका. तो आकडा त्या कॉलेजच्या ॲडमिशनच्या नियमांतून तयार होतो, म्हणून आधी नियम वाचा आणि मग आकड्याकडे या, नाहीतर तुलना चुकणारच.

सगळ्यात आधी कोणाला कोणाशेजारी ठेवायचं ते ठरवा. अमेरिकेत ‘कॅथलिक युनिव्हर्सिटी’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या संस्था येतात. जॉर्जटाऊन १७८९ ची, देशातली सगळ्यात जुनी कॅथलिक युनिव्हर्सिटी, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची. बॉस्टन कॉलेज, फोर्डहम, सांता क्लारा, मार्केट (Marquette), गोंझागा, सेंट लुइस हेही जेझुइटच. नोटर डेम मात्र जेझुइट नाही, ती होली क्रॉस संघाची आणि १८४२ ची, विलानोव्हाही १८४२ चीच पण ऑगस्टिनियन संघाची, शिकागोतली डीपॉल व्हिन्सेंशियन लोकांची. गोंधळ वाढवायला होली क्रॉस नावाचं कॉलेज आहे मॅसॅच्युसेट्समध्ये, ते पुन्हा जेझुइट! संघ कुठला यावरून दर्जा ठरत नाही हे लक्षात ठेवा, जेझुइटांमध्येच १२-१३ टक्के घेणारं कॉलेज आहे आणि दहातल्या आठ-नऊ मुलांना घेणारीही आहेत.

यादी कुठली हे बघितल्याशिवाय रँक वाचू नका. यूएस न्यूज या अमेरिकन प्रकाशनाची रँकिंग वेगवेगळ्या याद्यांमध्ये असते, नॅशनल युनिव्हर्सिटी, लिबरल आर्ट्स कॉलेज, रीजनल वगैरे. विलानोव्हा कित्येक वर्षं उत्तरेकडच्या रीजनल यादीत एक नंबरला होती, मग कॉलेजांचे प्रकार ठरवणारं कार्नेगी वर्गीकरण बदललं आणि ती नॅशनल यादीत जाऊन पन्नाशीच्या आसपास बसली. पहिल्या नंबरवरून पन्नासावर! कॉलेज तेच, प्रोफेसर तेच, शिकवणं तेच, फक्त शेजारी बदलले. पुढे सांता क्लारा, लॉयोला मेरीमाउंट, गोंझागा, क्रेटन यांचंही असंच झालं. त्यामुळे जुन्या लेखात ‘नंबर वन’ वाचून हुरळून जाऊ नका आणि नंतरचा नंबर बघून ‘घसरली वाटतं’ असंही म्हणू नका. होली क्रॉस लिबरल आर्ट्सच्या यादीत आहे, तिथे मास्टर्स-पीएचडीवाले जवळजवळ नाहीतच, सगळं लक्ष बॅचलर्सच्या मुलांवर, त्यामुळे तिचा नंबर बॉस्टन कॉलेजच्या नंबराशेजारी ठेवून काहीही कळणार नाही.

आता आकडे कुठून आणायचे. वेबसाइटवरचे चकचकीत आकडे सोडून द्या, प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट, म्हणजे ठरावीक नमुन्यात दिलेली माहिती, शोधा, कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकले की बहुतेकांची पीडीएफ सापडते. त्यात सी-१ मध्ये अर्ज किती, ॲडमिशन किती दिली, त्यातले प्रत्यक्ष आले किती. सी-२ मध्ये वेटलिस्ट. सी-७ मध्ये कुठल्या गोष्टीला किती वजन, म्हणजे मार्क, निबंध, इंटरव्ह्यू, माजी विद्यार्थ्याचं मूल असणं, आणि हो, धर्म. सी-९ मध्ये सॅट-एसीटी या प्रवेश परीक्षांचे स्कोअर आणि सी-२१ मध्ये अर्ली डिसिजन. ही पाच ठिकाणं वाचलीत तरी खूप झालं. मात्र सगळ्यांचं वर्ष एकच घ्या, एकाचं २०१९ आणि दुसऱ्याचं २०२४ असं करू नका कारण मधल्या काळात टेस्ट ऑप्शनलमुळे, म्हणजे स्कोअर पाठवणं ऐच्छिक झाल्यामुळे, सगळीकडेच अर्ज वाढलेत.

सी-२१ वर जरा थांबूया, कारण खरी मेख इथे आहे.

अर्ली डिसिजन म्हणजे आधी अर्ज करायचा आणि घेतलं तर यायचंच, असं बांधून घेणं. अर्ली ॲक्शनमध्ये फक्त निकाल लवकर कळतो, बंधन नाही. आता कॉलेजच्या बाजूने हिशोब करून बघा, आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त समजायला. जागा २,००० आणि अर्ज ३०,०००. बोलावलेल्या चारांतला एकच येतो असं धरलं तर २,००० जागा भरायला ८,००० मुलांना हो म्हणावं लागेल, रेट झाला साधारण २७ टक्के. आता त्याच कॉलेजने अर्ध्या जागा अर्ली डिसिजनमधून भरल्या, तिथे बोलावलेला जवळपास प्रत्येक जण येतो म्हणून १,००० जागांना १,००० च होकार पुरले, उरलेल्या १,००० जागांना ४,०००, एकूण ५,०००, आणि रेट १७ च्या खाली. मुलं तीच, अर्ज तेवढेच, कॉलेज एका इंचानेही सुधारलेलं नाही, आणि तरी ते ‘प्रचंड सिलेक्टिव्ह’ दिसायला लागलं.

बॉस्टन कॉलेजचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये येणाऱ्या बॅचपासून त्यांनी अर्ली ॲक्शन बंद करून अर्ली डिसिजन आणलं. त्याआधी रेट २७ टक्क्यांच्या आसपास होता, चार-पाच वर्षांत १५-१६ वर आला. सगळं अर्ली डिसिजनमुळेच झालं असं मी म्हणत नाही, टेस्ट ऑप्शनलने अर्जही वाढले आणि कॉलेज मुळात चांगलंच आहे, पण ‘चार वर्षांत बीसी दुप्पट अवघड झालं’ हे वाक्य मला पटत नाही. उलट नोटर डेम आणि जॉर्जटाऊन, दोघांकडे बंधन घालणारा राउंड नाही, अर्ली ॲक्शन आहे आणि अट एवढीच की त्यात अर्ज केला तर दुसरीकडे अर्ली डिसिजन करायचं नाही. म्हणजे कोणालाही बांधून न घेता नोटर डेमचा रेट १२ च्या आसपास किंवा खाली येतो आणि बोलावलेल्यांतले साधारण ६० टक्के येतात. माझ्या मते कॅथलिक युनिव्हर्सिट्यांमध्ये हा सगळ्यात बोलका आकडा आहे, कारण इथे मुलं हातात दुसरे पर्याय असताना हो म्हणतायत.

जॉर्जटाऊनमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी रेटमध्ये दिसत नाही. त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःचा वेगळा फॉर्म ठेवला, निबंध वेगळे, माजी विद्यार्थ्यांकडून इंटरव्ह्यू, आणि सॅट नुसता सक्तीचाच नाही तर दिलेल्या सगळ्या वेळचे स्कोअर पाठवा असं सांगितलं. अशा ठिकाणी ‘चल टाकून बघू’ म्हणून अर्ज कोण करणार? जो खरंच इच्छुक आहे तोच करणार. त्यामुळे तिथले १२-१३ टक्के हे आधीच गाळलेल्या गर्दीतले १२-१३ टक्के आहेत, आणि एका क्लिकवर दहा कॉलेजांना अर्ज जातो तिथल्या १५ टक्क्यांशी त्यांची थेट तुलना होत नाही. कुठल्याही कॉलेजबद्दल हा प्रश्न विचारायचा, अर्ज करणं किती सोपं आहे? फी माफ आहे का, जादा निबंध आहेत का? सोपं असेल तर रेट आपोआप खाली दिसतो.

सॅटच्या सरासरीचंही तसंच. होली क्रॉस २००५ पासून टेस्ट ऑप्शनल आहे. जिथे ऑप्शनल आहे तिथे ज्यांचे स्कोअर चांगले तेच पाठवणार, म्हणून सी-९ मध्ये स्कोअरच्या आधी ‘किती टक्के मुलांनी पाठवला’ ते बघा. चाळीस टक्क्यांनीच पाठवला असेल तर ती सरासरी त्या चाळीस टक्क्यांची, सगळ्या वर्गाची नाही.

आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं, खेळाडू, यांच्या जागा आधीच वेगळ्या विचाराने जातात हे धरून चाला. नोटर डेमच्या वर्गात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा वाटा पूर्वीपासून मोठा राहिलाय, त्यामुळे ज्याचं कोणीच तिथे शिकलेलं नाही त्याच्यासाठी दार छापील रेटपेक्षा अरुंद आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खाजगी कॉलेजांनाही असा वशिला बंद करायला लावलाय, तो सांता क्लारा आणि लॉयोला मेरीमाउंटलाही लागू होतो. मला हे योग्यच वाटतं.

आता नाव, प्रतिष्ठा. इथे लोक फार गडबड करतात कारण ‘प्रतिष्ठा’ म्हणजे कोणाच्या डोळ्यात हे विचारतच नाहीत. परराष्ट्र धोरण, सरकारी काम, राजकारण यात जॉर्जटाऊनच्या जवळपासही बाकी कोणी नाही, त्यांचं स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस १९१९ चं आहे, बिल क्लिंटन तिथलेच. पण इंजिनिअरिंग करायचं असेल तर जॉर्जटाऊनमध्ये इंजिनिअरिंग स्कूलच नाही, मग रँक घेऊन काय करणार! नोटर डेमला पूर्ण इंजिनिअरिंग आहे, आर्किटेक्चर आहे ज्यात एक वर्ष रोमला घालवायचं असतं, आणि तिथलं मेंडोझा बिझनेस स्कूल बॅचलर्ससाठी खूप नावाजलेलं आहे. बॉस्टन कॉलेजने इंजिनिअरिंग आत्ता २०२१ मध्ये सुरू केलं. सांता क्लारा साधारण निम्म्या अर्जदारांना घेते, पण ती सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध आहे, त्यामुळे टेक कंपनीतल्या नोकरीसाठी मी ती यादीत तिच्यापेक्षा वर असलेल्या बऱ्याच कॉलेजांच्या पुढे ठेवीन. फोर्डहमही निम्म्याहून जास्त मुलांना घेते पण न्यूयॉर्कमध्ये आहे, इंटर्नशिपसाठी विमान पकडावं लागत नाही, सबवेने जाता येतं.

नाव आणि सिलेक्टिव्हिटी किती वेगळ्या गोष्टी आहेत हे बघायचं तर वॉशिंग्टनमधली कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका बघा. अमेरिकेच्या बिशपांनी १८८७ मध्ये स्थापलेली. बॅचलर्सला अर्ज करणाऱ्यांतल्या बहुसंख्य मुलांना घेते, त्यामुळे रेट बघणारा तिला खाली ढकलून मोकळा होतो, पण चर्चच्या कायद्याचा अभ्यास म्हणाल तर त्या जगात तिचं नाव फार वजनाचं आहे. खेळामुळेही नाव होतं, गोंझागा देशभर माहीत झाली ती बास्केटबॉलमुळे, विलानोव्हाने २०१६ आणि २०१८ ला राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे विलानोव्हाचे, १९७७ चे गणिताचे पदवीधर! हे सगळं नावात भर घालतं, पण त्यातून डिपार्टमेंट कसं आहे ते कळत नाही. पदव्युत्तरचं वेगळं मोजा हेही सांगून ठेवते, जॉर्जटाऊनच्या लॉ स्कूलचं नाव हे लॉ स्कूलचं नाव, बॅचलर्सच्या मुलाच्या वर्गात ते शिकवायला येत नाही.

अमेरिकेबाहेर गेलात तर रेटचा नाद पूर्णच सोडा. बेल्जियममधली केयू ल्यूव्हेन १४२५ ची, जगातल्या नामांकित युनिव्हर्सिट्यांमध्ये गणली जाते, आणि तिथल्या डच माध्यमातल्या बहुतेक बॅचलर्स कोर्सला तिथली शाळा पास झालेला कोणीही जाऊ शकतो, मेडिकलसारख्या मोजक्या कोर्सना परीक्षा असते. गाळणी दारात नाही, पहिल्या वर्षात आहे, तिथे नापास होणारे भरपूर. अशा ठिकाणी ‘ॲक्सेप्टन्स रेट किती’ हा प्रश्नच लागू होत नाही. सँतियागोमधली चिलीची पाँटिफिकल कॅथलिक युनिव्हर्सिटी, १८८८ ची, लॅटिन अमेरिकेत पहिल्या फळीतली, तिथे राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर प्रवेश होतो, म्हणजे रेटऐवजी कोर्सनिहाय कट-ऑफ बघायचा. टोकियोची सोफिया, सोलची सोगांग, मनिलाची आतेनेओ या तिन्ही जेझुइट आणि आपापल्या देशात मानाच्या, पण प्रत्येकीची प्रवेशाची पद्धत वेगळी, म्हणून त्यांना त्यांच्याच देशातल्या इतर कॉलेजांशेजारी ठेवून बघा, जॉर्जटाऊनशेजारी नको.

पैशाचं थोडक्यात. ॲडमिशन देताना ऐपत बघतात का आणि दिल्यावर गरज पूर्ण भागवतात का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि परदेशी मुलांसाठी उत्तर बहुतेक ठिकाणी बदलतं. नोटर डेमने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की परदेशी मुलांचाही अर्ज ऐपत न बघता वाचणार आणि मदतीत कर्ज घालणार नाही, हे फार मोठं पाऊल आहे आणि त्यामागे त्यांचा अब्जावधी डॉलरचा निधी आहे, जॉर्जटाऊन किंवा बॉस्टन कॉलेजच्या कित्येक पट. बाकीच्यांचं कॉमन डेटा सेटच्या एच विभागात परदेशी विद्यार्थ्यांचा रकाना असतो तिथे बघा, किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती. अर्ली डिसिजन करण्याआधी तर बघाच, कारण तिथे एकदा हो आलं की दुसऱ्या कॉलेजची ऑफर दाखवून घासाघीस करता येत नाही.

राहिला धर्माचा प्रश्न, ‘कॅथलिक नसलो तर घेतात का’. घेतात, सगळ्याच मोठ्या ठिकाणी इतर धर्मांची आणि धर्म न मानणारी मुलं भरपूर असतात, जॉर्जटाऊनने तर १९९९ मध्ये पूर्णवेळ इमाम नेमला होता आणि नंतर हिंदू मुलांसाठीही माणूस नेमला. प्रवेशात धर्म बघतात का ते सी-७ च्या त्या ओळीत लिहिलेलं असतं. पण आत गेल्यावर काय, ते कॉलेजागणिक बदलतं. जॉर्जटाऊन, नोटर डेम, बॉस्टन कॉलेज या तिन्हीकडे थिऑलॉजी आणि फिलॉसॉफीचे कोर्स सक्तीचे आहेत, आणि नोटर डेममध्ये तर मुलामुलींचे हॉल, म्हणजे वसतिगृहं, वेगळे, ठरावीक वेळेनंतर एकमेकांच्या हॉलमध्ये थांबायचं नाही, पहिली सहा सेमिस्टर कॅम्पसवरच राहायचं. कोणाला हे आवडतं, त्या हॉलचीच मैत्री आयुष्यभर टिकते म्हणतात, कोणाला नकोसं होतं, तर हे मुलाशी किंवा मुलीशी अर्ज भरायच्या आधी बोलून घ्या, डिपॉझिट भरल्यावर नको.