इंग्लंडमधलं कामगारांचं जुनं व्हिक्टोरियन घर घेतलंय? मग या चुका टाळा

लीड्स, लेस्टर, मँचेस्टरकडे आपली बरीच मंडळी ही एकाला एक चिकटलेली विटांची घरं घेतात, मूळची गिरणी कामगारांसाठी बांधलेली, खाली दोन खोल्या वर दोन, आणि पहिल्याच हिवाळ्यात भिंतीला ओल दिसली की घाबरून नको ते करून बसतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सिमेंट. या भिंती साधारण 9 इंची, भरीव, मधे पोकळी नाही आणि विटा चुन्यात बांधलेल्या. आपल्या जुन्या वाड्यांत असायचा तसाच चुना. भिंत पावसाचं पाणी थोडं पिते आणि वारा लागला की सांध्यांतून ते परत उडून जातं, सगळा कारभार यावरच चालतो. आता कोणी सांधे खरवडून सिमेंटचं पॉइंटिंग केलं, म्हणजे सांधे सिमेंटने भरले, की ती वाट बंद, मग पाणी मऊ विटेत साठतं, थंडीत गोठतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. अशी भिंत जवळून बघा, सिमेंटच्या रेषा पुढे आलेल्या आणि विटा झिजून आत गेलेल्या असतात, फार जीव तुटतो बघून. पॉइंटिंग चुन्याचंच करून घ्या, आतून प्लास्टिक पेंटही नको.

ओल दिसली म्हणून लगेच भिंतीला भोकं पाडून ओल अडवणारं केमिकल भरू नका हो! आधी बाहेर जाऊन बघा, पन्हळ गळतेय का, अंगणात फरशीवर फरशी टाकून जमीन वर चढलीय का. बहुतेक घरांच्या भिंतीत खाली, ओल वर चढू नये म्हणून, स्लेटचा (पातळ दगडी पाट्यांचा) किंवा डांबराचा थर असतो, बाहेरची जमीन त्याच्या निदान 150 मिमी खाली पाहिजे. बऱ्याचदा नुसतं खणून आणि पन्हळ दुरुस्त करूनच काम होतं.

जमिनीलगतच्या भोकाभोकांच्या विटा गार वारा येतो म्हणून बुजवू नका, लाकडी जमिनीखाली हवा खेळायला त्या आहेत, नाहीतर तुळया कुजतात. शेकोटी बंद केलीत तर तिथेही छोटी जाळी ठेवा.

छपरावरची स्लेट काढून काँक्रीटची कौलं घातली तर ती बरीच जड, जुने वासे वाकतात.

आणि साल्टेअरसारखी जागा असेल तर अजून जपून. गिरणीमालक टायटस सॉल्टने 1851 पासून गिरणी कामगारांसाठी वसवलेलं गाव आहे ते, 2001 पासून जागतिक वारसा, भिंती दगडी पण चुन्याचा नियम तोच. तिथे खिडकी बदलायची तरी आधी कौन्सिलला विचारा, प्लास्टिकची बसवून मग काढायला लागली तर खर्च दुप्पट.