लॉजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा: अमेरिकेतील बारावीची मुले आणि त्यांच्या पालकांसाठी

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल बारावीत गेले की शिष्यवृत्तीची चर्चा बहुधा विद्यापीठाकडून मिळणाऱ्या मदतीपाशी आणि देशपातळीवरच्या मोठ्या स्पर्धांपाशी थांबते. गावातल्या मुख्य रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या इमारतीवर एल्क्स, मूस, मेसन किंवा ऑड फेलोज अशी पाटी असते. या सभासदांच्या बंधुसंस्था आहेत आणि त्यांच्या गावोगावच्या शाखांना लॉज म्हणतात. तिथली मंडळी दरवर्षी शाळा संपवून कॉलेजला निघालेल्या मुलांना पैसे देतात, हे शेजारी राहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. अशा अर्जांसाठी ओळखीपाळखीच्या मुलांबरोबर मी बरीच वर्षे बसत आले आहे. या काळात जे चुकीचे सल्ले पुन्हा पुन्हा कानावर आले, ते खोडून काढणे हाही या लेखाचा एक उद्देश आहे.

उदाहरण म्हणून मी एल्क्सची शिष्यवृत्ती घेते, कारण ती सर्वांत मोठी नसली तरी सर्वांत सुसूत्र आहे आणि तिची पद्धत समजली की बाकीच्या लॉजचे अर्ज सोपे वाटतात. एल्क्स ही संस्था १८६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. तिचा राष्ट्रीय निधी १९२८ मध्ये सुरू झाला आणि त्याचे मुख्यालय शिकागोत आहे. या निधीतून 'मोस्ट व्हॅल्युएबल स्टुडंट' या नावाने दरवर्षी देशभरातील ५०० मुलांना चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळते. तिची एकूण रक्कम ४,००० डॉलरपासून ३०,००० डॉलरपर्यंत असते. निवड लॉज, जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय पातळी अशी वर चढत जाते आणि पहिले २० जण अखेरच्या फेरीसाठी शिकागोला जातात. याखेरीज अनेक लॉज आपापल्या गावातल्या मुलांसाठी लहान रकमेच्या वेगळ्या शिष्यवृत्त्याही देतात.

"ही मदत सभासदांच्या मुलांनाच मिळते," हा पहिला चुकीचा सल्ला. वर सांगितलेल्या शिष्यवृत्तीसाठी घरातले कोणीही एल्क्सचे सभासद असण्याची गरज नाही. सभासदांची मुले आणि नातवंडे यांच्यासाठी 'लेगसी' नावाची वेगळी शिष्यवृत्ती आहे आणि हे दोन अर्ज लोक सतत एकमेकांत मिसळतात. "ही मंडळी आपल्यासाठी नाहीत," हा दुसरा. या समजाला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे: १९७३ पर्यंत एल्क्सचे सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी होते आणि स्त्रियांना ते १९९५ मध्ये खुले झाले. आजचे नियम तसे नाहीत आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात वंशाचा संबंध येत नाही. आपण अर्जच केला नाही तर नकार आपणच आपल्याला दिलेला असतो.

पात्रता आणि तारखा

या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करण्याच्या दिवशी विद्यार्थी अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. ग्रीन कार्ड चालत नाही, एच-४ (नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) तर नाहीच. "भरून तर पाहा, कोण तपासतो" असे सांगणाऱ्याचे ऐकू नये, कारण त्यात मुलाचे श्रम वाया जातात आणि खोट्या माहितीची जबाबदारी त्याच्यावर येते. गावातल्या लॉजच्या स्वतंत्र शिष्यवृत्तीचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून तिथे फोन करून विचारावे. अर्जासाठी पैसे मागणारी कोणतीही योजना मात्र तिथल्या तिथे सोडून द्यावी.

एल्क्सचा राष्ट्रीय अर्ज उन्हाळ्याच्या शेवटी खुला होतो आणि नोव्हेंबरात बंद होतो. गावपातळीवरच्या बऱ्याच शिष्यवृत्त्यांची मुदत वसंतात असते. गफलत इथेच होते, कारण पालक मार्चमध्ये जागे होतात आणि तोवर मोठी संधी निघून गेलेली असते. ट्रान्सक्रिप्ट (शाळेची अधिकृत गुणपत्रिका), शाळेतल्या काउन्सेलरची माहिती आणि शिफारसपत्रे सप्टेंबरातच मागून ठेवावीत.

खरा अवघड टप्पा: केलेले काम अनोळखी माणसाला सांगणे

गुण जसे आहेत तसे जातात, त्यांत काही करण्यासारखे उरलेले नसते. अर्ज जिंकतो किंवा हरतो तो नेतृत्व आणि सेवा यांच्या वर्णनात आणि निबंधात. मराठी मुले नेमकी इथेच मागे पडतात. काम कमी असते म्हणून नव्हे, तर सांगण्याची तऱ्हा चुकते म्हणून. या टप्प्यावर मीही पुष्कळ काळ चाचपडत होते. वाट सापडली ती वाचणारा कोण आहे हे नीट समजल्यावर.

अर्जाचा पहिला वाचक विद्यापीठाचा प्रवेश अधिकारी नसतो. तो गावातलाच एखादा स्वयंसेवक असतो: निवृत्त अग्निशामक, परिचारिका, दुकानदार, लष्करातून परत आलेला माणूस. एल्क्सची मंडळी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत नियमित जातात, मुलांच्या बास्केटबॉल स्पर्धा भरवतात, निधीसाठी पॅनकेकच्या न्याहाऱ्या करतात आणि १४ जूनला ध्वजदिन पाळतात. खुर्च्या मांडणे, स्वयंपाकघर सांभाळणे, परवानग्या काढणे आणि कार्यक्रम संपल्यावर झाडून घेणे म्हणजे काय, हे त्यांना स्वतःच्या हाताने ठाऊक आहे. आणि आपली मुले मराठी मंडळात नेमके हेच करतात. फक्त अर्जात ते लिहीत नाहीत.

एक ठरावीक वाक्य मी असंख्य अर्जांत पाहिले आहे: "मी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत स्वयंसेवक असून आमचा समृद्ध सांस्कृतिक वारसा जपण्याचे कार्य करते." हे वाक्य खोटे नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्यातून काहीच उभे राहत नाही. मंडळ कोणते, शाळा कुठे, मुले कोण आणि ही मुलगी तिथे नेमके काय करते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. तीच गोष्ट अशी लिहिता येते: रविवारी सकाळी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत शाळा भरते, सहा-सात वर्षांच्या मुलांचा वर्ग माझ्याकडे असतो, त्यांतल्या काहींना भारतातल्या आजीशी फोनवर दोन वाक्ये बोलता येत नव्हती, म्हणून मी दर आठवड्याला आजीला विचारायचा एक प्रश्न गृहपाठ म्हणून देऊ लागले. आता वाचणाऱ्याला मुलगी दिसते आणि तिने स्वतः ठरवून केलेली एक गोष्टही दिसते. ज्याची स्वतःची आजी पोलंडहून किंवा इटलीहून आलेली असेल, त्याला पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

गणेशोत्सवाचेही तसेच. "ढोल-ताशा पथकाचा सदस्य" एवढ्यावर थांबू नये आणि ढोल म्हणजे काय यावर परिच्छेदही खर्च करू नये. एक वाक्य पुरे. मिरवणुकीसाठी शहराकडे परवानगीचा अर्ज कोणी केला, रस्ता बंद ठेवण्याबाबत पोलिसांशी कोण बोलले, वादन किती वाजता थांबवायचे हे शेजाऱ्यांना कोणी आधी जाऊन सांगितले, लहान मुलांच्या कानांची काळजी कोणी घेतली, यांतले जे मुलाने केले असेल ते लिहावे. गावातल्या संचलनाची व्यवस्था वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या माणसाला या कामाचे वजन ताबडतोब कळते. मुलाने यांतले काहीच केले नसेल, फक्त ढोल वाजवला असेल, तर तो छंद म्हणून लिहावा; सेवेच्या रकान्यात ढकलू नये.

तासांच्या बाबतीत माझे मत कठोर आहे. आठवड्याचे तास फुगवलेले वाचणाऱ्याला दिसतात, कारण शाळा, झोप आणि खेळ यांच्यासह बेरीज करायला कागद-पेन्सिल पुरते. सगळे रकाने भरून झाल्यावर मुलाने स्वतः ती बेरीज करावी आणि ती बसत नसेल तर आकडे कमी करावेत. "सगळेच वाढवून लिहितात" हा सल्ला मी मंडळाच्या सहलींत आणि लग्नसमारंभांत पुष्कळ ऐकला आहे. तो देणाऱ्यांपैकी कोणी अर्ज तपासणाऱ्यांच्या बाजूला बसून पाहिलेले नसते.

तितकाच घातक सल्ला म्हणजे अकरावीच्या सुट्टीत घाईने एखादी सामाजिक संस्था "स्थापन" करणे. संकेतस्थळ, बोधचिन्ह, पदाधिकारी म्हणून दोन मित्र आणि प्रत्यक्ष काम जवळजवळ शून्य, असे अर्ज आता इतके येतात की त्या शब्दावर नजर थांबतही नाही. भारतभेटीत एखाद्या जिल्हा परिषद शाळेत वह्या वाटल्याचे वर्णनही टाळावे. एका सकाळच्या भेटीतून मुलाचा स्वभाव कळत नाही आणि त्या शाळेतली मुले केवळ पार्श्वभूमी होऊन बसतात. त्याच शाळेतल्या मुलांना वर्षभर दर शनिवारी ऑनलाइन इंग्रजी वाचायला शिकवले असेल, तर ते अवश्य लिहावे, कारण तिथे सातत्य आहे.

याउलट जे लिहायलाच हवे ते आपण लपवतो. आई रात्रपाळीला असताना धाकट्या भावाचे जेवण आणि अभ्यास पाहणे, वडिलांच्या मोटेलमध्ये किंवा दुकानात संध्याकाळी काउंटर सांभाळणे, सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांना डॉक्टरकडे नेऊन तिथे दुभाष्या होणे. "हे काय सांगायचे, घरचेच तर काम," असे पालक म्हणतात आणि मूल तो रकाना रिकामा सोडते. लॉजच्या वाचकाच्या दृष्टीने हीच जबाबदारी असते. पगारी नोकरीही निःसंकोच लिहावी. सुपरमार्केटमध्ये वर्षभर टिकलेला मुलगा त्यांना भरवशाचा वाटतो.

कॉमन ॲपसाठी (अनेक कॉलेजांच्या प्रवेशासाठीचा एकच सामायिक अर्ज) लिहिलेला ६५० शब्दांचा निबंध कापून इथे चिकटवू नये. तो बहुधा अंतर्मुख असतो, मुलाच्या मनात काय चालते ते सांगणारा, आणि लॉजच्या निबंधात विचारलेला प्रश्न दुसराच असतो. आधी प्रश्न मोठ्याने वाचावा, त्याचे उत्तर एका वाक्यात तोंडी द्यावे आणि मगच लिहायला बसावे. एल्क्सची स्तुती करण्यात जागा घालवू नये. माजी सैनिकांसाठी खरोखर काही केले असेल तर सांगावे, नसेल तर गप्प राहावे. पालकांनी एकही वाक्य स्वतः लिहून देऊ नये, कारण चाळिशीतल्या माणसाची भाषा सतराव्या वर्षाच्या तोंडी लगेच ओळखू येते. पैसे घेऊन निबंध घासूनपुसून देणाऱ्यांचे वाक्यही तसेच ओळखू येते.

मसुदा तयार झाला की मी एक कसोटी लावते आणि तिला पर्याय नाही असे माझे ठाम मत आहे. मुलाने तो मराठी न येणाऱ्या, साठी ओलांडलेल्या शेजाऱ्याला वाचून दाखवावा आणि मग कागद बाजूला ठेवून त्यांना विचारावे, "मी काय करतो, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?" त्यांच्या उत्तरात जे आले नाही ते निबंधात नाही, मग आपल्याला ते कितीही स्पष्ट वाटो. शेजारी "तू फार हुशार आहेस" एवढेच म्हणाले तर निबंध पुन्हा लिहावा.

आर्थिक गरज

गरज सांगण्यात कमीपणा नाही आणि अतिशयोक्तीलाही जागा नाही. फॅफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीसाठीचा अर्ज, भरण्याची सुरुवात साधारण १ ऑक्टोबरला होते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून त्यातून 'स्टुडंट एड इंडेक्स' हा कुटुंबाची आर्थिक गरज ठरवण्यासाठी वापरला जाणारा आकडा मिळतो. आपण राहतो ते घर आणि निवृत्तीची खाती त्या हिशेबात धरली जात नाहीत. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट मात्र मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो, तो भारतात आहे म्हणून सुटत नाही. भारतातल्या आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी दरमहा पाठवले जाणारे पैसे कोणत्याही रकान्यात आपोआप येत नाहीत. अर्जात खुलाशाला जागा असेल तर ते तिथे साध्या शब्दांत, रकमेसह लिहावे. गेल्या वर्षी नोकरी गेली असेल किंवा मोठे आजारपण झाले असेल, तेही तिथेच.

शिफारसपत्र

ज्या शिक्षकाने मुलाला अडचणीत पाहिले आहे, त्याच्याकडून घ्यावे. मंडळाच्या अध्यक्षांचे पत्र फक्त तेव्हाच जोडावे, जेव्हा मुलाने त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले असेल.

पाठवल्यानंतर

मुलाखतीला किंवा बक्षीस समारंभाला बोलावले तर नीटनेटके जावे, वेळेआधी पोहोचावे आणि नंतर आठवड्याच्या आत हाताने लिहिलेले आभाराचे पत्र पाठवावे.

पैसे मिळाले की दोन गोष्टी कराव्या लागतात. कॉलेजचे शिक्षण शुल्क, पुस्तके आणि अभ्यासक्रमासाठी सक्तीचे साहित्य यांवर खर्च झालेली रक्कम करमुक्त असते. राहण्या-जेवणावर खर्च झालेली रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते, म्हणून पावत्या जपाव्यात. दुसरे म्हणजे, बाहेरून मिळालेल्या शिष्यवृत्तीची माहिती कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला द्यावी लागते आणि काही कॉलेजे तेवढी रक्कम आपल्या अनुदानातून वजा करतात. ती आधी कर्जातून आणि वर्क-स्टडीतून (मदतीचा भाग म्हणून मिळणाऱ्या अर्धवेळ कामातून) वजा करता येईल का, हे मुलाने त्या कार्यालयाला लेखी विचारावे. निकाल येताच विचारावे, कारण वर्षाच्या मदतीची मांडणी एकदा पक्की झाली की ती बदलून घेणे अवघड जाते.