लढाईत गेलेल्या पणजोबांची कबर किंवा नाव कसं शोधावं

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागातल्या कितीतरी गावांत एक दगडी पाटी बसवलेली असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या लढाईत इतके लोक गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच त्यावरचा मजकूर. आकडा असतो, नावं नसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातून त्या लढाईत ४६ जवान गेले ते परतलेच नाहीत, आणि त्यांचं स्मारक गावात आहे. पण तुमच्या घरात नुसतंच ‘थोरले आजोबा बसऱ्याला गेले ते आले नाहीत’ असं सांगत आले असतील, तर पुढचा शोध घरबसल्या सुरू करता येतो. त्याला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

आधी हे समजून घ्या

तुम्हाला बहुधा कबर सापडणार नाही. हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य तिथे अग्नी दिला गेला, म्हणून त्यांची नावं दहन-स्मारकांवर कोरली आहेत. ज्यांचा देहच हाती लागला नाही, त्यांची नावं मोठ्या स्मारकांच्या भिंतींवर आहेत. नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्यांचीही कबर नाही, नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या रुग्णालयांत दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना पॅचम गावाच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. तिथे १९२१ साली संगमरवरी छत्री उभी राहिली, पण ती ५३ नावं दगडावर यायला २०१० साल उजाडलं.

अपवाद मात्र आहेत, आणि त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. दक्षिण इंग्लंडमधल्या ब्रोकनहर्स्ट या खेड्यात १९१४-१५ मध्ये जखमी हिंदी सैनिकांसाठी लेडी हार्डिंग रुग्णालय होतं. तिथल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात सुखा नावाच्या माणसाची कबर आहे. तो बरेलीचा. रुग्णालयात सफाईचं काम करायचा आणि १२ जानेवारी १९१५ रोजी, तिशीत, वारला. असं सांगतात, की अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याला अग्नी द्यायला नकार दिला, मुसलमानांच्या दफनभूमीतही जागा मिळाली नाही, तेव्हा गावच्या पाद्र्याने त्याला आपल्या चर्चच्या आवारात घेतलं. त्याच्यावरचा दगड गावकऱ्यांनी स्वतः उभारला, त्यावर त्याचं नाव, मोहल्ला आणि शहर कोरलं. सुखा सैनिक नव्हता. म्हणून शोधताना फक्त ‘शिपाई’ शोधू नका. भिस्ती, आचारी, सफाईवाले, खेचरं हाकणारे, हमाल, मजूर हे सगळे पलटणीबरोबर गेले होते आणि नोंदींत त्यांचीही नावं आहेत. तुमच्या घरातला माणूस यांतला असेल, तर तोही तितकाच शोधण्याजोगा आहे.

घरातली माहिती गोळा करा

ट्रंकेतली पदकं काढा. पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. ती भिंगातून वाचा, मोबाइलवर फोटो घेऊन मोठा करा. ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात. हाताच्या पंजाएवढी, १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची गोल तबकडी सापडली, तर ती मृत सैनिकाच्या वारसांना दिली जायची. तिच्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव असतं.

मग पेन्शनचे कागद, मनिऑर्डरीच्या पावत्या, जुनी पत्रं पाहा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर आत्याला किंवा चुलत आजीला विचारा, कारण पलटणीचं नाव पुरुषांपेक्षा बायकांच्या आठवणीत जास्त टिकलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. पेन्शन तिच्याच आईच्या नावावर येत असे ना.

पलटण ओळखा

१९२२ पूर्वी मराठा पलटणींना आकडे होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२ मध्ये त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. आजचं केंद्र बेळगावात आहे. जुन्या इंग्रजी कागदांत ‘मराठा’च्या स्पेलिंगमध्ये मधे ‘एच’ आणि दोन ‘टी’ येतात. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर हाती काही लागत नाही.

मराठा पलटणीच्या बाहेरही बघा. खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलात, आपली माणसं होती. त्यांच्या दोन कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या नव्ह शापेल या खेड्यात गल्लोगल्ली लढाई केली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली होती. कोकणातले कित्येक जण तर पलटणीत नव्हते, बोटीवर खलाशी होते. त्यांची नोंद मर्चंट नेव्हीत शोधावी लागते, आणि बुडालेल्या खलाशांचं स्मारक मुंबईतच, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

नाव शोधा

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. तिच्या संकेतस्थळावर सुमारे १७ लाख मृतांची यादी मोफत पाहता येते. सैन्य निवडताना ‘इंडियन’ निवडा, युद्ध निवडा, आणि नंबर माहीत असेल तर सगळ्यांत आधी तोच घाला.

नंबर नसेल तर खरी कसोटी स्पेलिंगची. इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं. जाधवच्या शेवटी ‘व्ही’ऐवजी ‘ओ’ किंवा ‘डब्ल्यू’ करून बघा, यशवंतची सुरुवात ‘वाय-ई’ने करा, शिंदेच्या शेवटी ‘आय’ लावा. कधी आडनावच नसतं, फक्त नाव आणि वडिलांचं नाव असतं. कधी पूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात कोंबलेलं असतं. म्हणून आधी आडनाव, मग फक्त पहिलं नाव, असं दोन्हीकडून शोधा.

मग प्रत्येक नोंद उघडून ‘अधिक माहिती’ वाचा. तिथे वडिलांचं किंवा पत्नीचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. जिल्हे तेव्हाचे आहेत, हे विसरू नका. रायगड म्हणजे कुलाबा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता. आजच्या सांगलीतली बरीच गावं सातारा जिल्ह्यात सापडतील. कोल्हापूर तर संस्थान होतं.

मृत्यूच्या तारखेवरूनही उलगडा होतो. १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. या पलटणींतल्या माणसाची तारीख त्यानंतरची असेल, तर तो तुर्कांच्या कैदेत उपाशी, आजारी अवस्थेत गेला असण्याची शक्यता तपासा.

बसऱ्याचं नाव निघालं तर

मराठी घरांतल्या शोधात इराकमधल्या बसऱ्याचं स्मारक वारंवार समोर येतं. त्यावर ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे. पण इंग्रज सैनिकांची नावं कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार फक्त आकडा लिहिला गेला. त्यांची नावं कागदी वहीत राहिली. म्हणजे स्मारकाच्या फोटोत तुमच्या पणजोबांचं नाव दिसलं नाही, तरी संगणकावरच्या यादीत ते असू शकतं. हा अन्याय होता. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्या चौकशीअंती तो मान्य केला आणि माफी मागितली. आफ्रिका, मध्यपूर्व आणि आशियातल्या किमान १,१६,००० मृतांची नावानिशी नोंद झालीच नाही, असं त्या अहवालात म्हटलं आहे.

यादीत नावच नसेल तर

ते घालून घेता येतं. कमिशनच्या मुदती ठरलेल्या आहेत: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात सेवेत असताना आलेला मृत्यू धरला जातो. सेवेतून सुटून घरी आलेला माणूस लढाईतल्या जखमेने किंवा सेवेत जडलेल्या आजाराने याच मुदतीत वारला असेल, तर त्याचाही विचार होतो. गावाकडे येऊन महिन्या-दोन महिन्यांत गेलेली अशी माणसं कुठल्याच यादीत चढली नाहीत, कारण सरकारला कुणी कळवलंच नाही.

सेवेचा पुरावा, मृत्यूची तारीख आणि मृत्यूचं कारण, या तीन गोष्टी लागतात. मृत्यूची जुनी नोंद तहसील कचेरीत किंवा ग्रामपंचायतीत मागा, नक्कल घ्या. पेन्शनच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. लष्कराच्या जुन्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तिथे नातेवाईक किंवा ओळखीचं कुणी असेल तर विनंती करा. कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ कागद कधीही पाठवू नका, स्कॅन पाठवा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

नोंदीत पॅनेलचा नंबर असतो, तो लिहून न्या. भिंतीवर आधी पलटण, मग हुद्दा, मग नाव, असा क्रम असतो. बहुतेक ठिकाणी एका लहान पेटीत नावांची वही आणि अभिप्रायाची वही असते. अभिप्राय मराठीतच लिहा. नव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी नावं आहेत. अक्षरं पुसट वाटली तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वाचा, खडू किंवा पीठ फासू नका. हळद-कुंकवाचे डाग दगडातून निघत नाहीत, म्हणून फुलं वाहा.

परदेशी जाणं सगळ्यांना जमत नाही. नोंदीच्या पानावरून प्रमाणपत्र उतरवून घेता येतं. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक गावच्या शाळेला द्या, आणि गावातल्या बाकीच्या घरांतली नावंही शोधून पाटीजवळ लावायची परवानगी मागा.